70 कोटी वर्षांपूर्वीचं जनुक आणलं कुठून, आणि आजच्या जिवाणूत घालून कळलं काय?

ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "शास्त्रज्ञांनी 50 कोटी वर्षं जुनं जनुक ई. कोलाय जिवाणूत जिवंत केलं, असं वाचलं. दुसरीकडे तेच जनुक 70 कोटी वर्षं जुनं असल्याचं लिहिलंय. इतका जुना डीएनए टिकतो का? आणि तो आजच्या जिवाणूत घालून उत्क्रांतीबद्दल काय कळतं? ती पुन्हा तशीच घडते का? यात धोका नाही का? मुलं विचारतात, आणि मला नीट सांगता येत नाही."

मॅडम, मुलांना पहिल्या वाक्यातच सांगून टाका की ते जनुक कुठूनही उकरून काढलेलं नाही. खडकात नाही, बर्फात नाही, मिठाच्या खड्यात नाही. ते तर्काने लिहून काढलं आणि मग कारखान्यात रसायनं जोडून बनवून घेतलं. बातमीतला "जिवंत केलं" हा शब्द सगळा घोळ करतो. लोकांच्या डोळ्यांसमोर थेट डायनासोर उभा राहतो.

डीएनए टिकण्याबद्दल सांगायचं तर तो फार नाजूक माल आहे. न्यूझीलंडमधल्या नामशेष झालेल्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून 2012 साली हिशेब मांडला गेला. त्या हाडांतल्या डीएनएच्या ठरावीक लांबीच्या तुकड्याचं अर्धायुष्य 521 वर्षं निघालं, म्हणजे दर 521 वर्षांनी असे निम्मे तुकडे मोडतात. कडाक्याच्या थंडीत वेग मंदावतो. उत्तर ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळातून सुमारे 20 लाख वर्षांपूर्वीचे तुकडे मिळाले, ते 2022 साली प्रसिद्ध झालं. 70 कोटी म्हणजे त्याच्या 350 पट. तिथे डीएनए मिळण्याची आशाच सोडा. कॅनडातल्या कायम गोठलेल्या जमिनीतून 30,000 वर्षांपूर्वीची प्रतिजैविक-रोधक जनुकं खरोखर काढली गेलीत, तो अभ्यास 2011 चा. पण ते खोदकाम. आपण बोलतोय ते वेगळं.

मग 70 कोटी वर्षांपूर्वीचा मजकूर लिहून काढतात कसा? पुण्यात असाल तर उदाहरण हाताशी आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, 1919 ला काम सुरू, 1966 ला पूर्ण. 1,259 हस्तलिखितं तपासली. मूळ पोथी कुणाकडेच नव्हती. काश्मिरी प्रत, बंगाली प्रत, मल्याळी प्रत, देवनागरी प्रती समोर मांडायच्या, कुठली कुणावरून उतरली याचा वंशवृक्ष लावायचा आणि प्रत्येक श्लोकात कुठला पाठ जुना ते ठरवायचं. प्रमुख संपादक वि. स. सुखठणकर यांची भूमिका स्वच्छ होती: हे व्यासांचं मूळ महाभारत नव्हे, उपलब्ध पोथ्यांवरून मागे जाता येईल तितक्या मागचा पाठ. आमच्या, म्हणजे जिवाणूंच्या उत्क्रांतीच्या क्षेत्रातल्या निम्म्या बातम्या हे एवढं वाक्य विसरतात.

जिवाणूंच्या बाबतीत पोथी म्हणजे जनुक ज्याची कृती सांगतं त्या प्रथिनाचा क्रम. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि ही अक्षरं वीस. समजा एका प्रथिनातली 124 वी जागा घेतली. ई. कोलायमध्ये तिथे अलॅनिन, साल्मोनेलात अलॅनिन, व्हिब्रिओत अलॅनिन, स्यूडोमोनासमध्ये सेरीन. या चौघांच्या सामायिक पूर्वजाकडे काय असेल? डोकी मोजून अलॅनिन म्हणावंसं वाटतं. पण वंशवृक्षात पहिले तिघे एका फांदीवर असले आणि स्यूडोमोनास आधीच वेगळं झालेलं असलं, तर तीन मतं ही तीन साक्षी नव्हेतच. एकाच लेखनिकाच्या तीन नकला आहेत त्या. म्हणून नुसती संख्या चालत नाही. फांद्यांची लांबी आणि कुठलं अक्षर कुठल्यात किती सहज बदलतं हे धरून संगणक प्रत्येक जागेसाठी वीसही अक्षरांची शक्यता काढतो. सर्वांत संभाव्य अक्षरं ओळीने लिहिली की झाला पूर्वज.

ही कल्पना शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि एमिल झुकरकांडल यांनी 1963 साली मांडली. त्यावेळी क्रम मोजके होते आणि जनुक बनवण्याची सोय नव्हती. प्रत्यक्ष प्रथिनं बनवून तपासायला 1990 उजाडलं. आज 1,200 अक्षरांचं जनुक नेटवरून मागवता येतं, कुरिअरने छोट्या नळीत येतं, तळाशी पांढुरकं काहीतरी चिकटलेलं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी नळी रिकामी समजून कंपनीला तक्रारीची मेल लिहायला बसलो होतो.

दोन गोष्टी मुलांना आवर्जून सांगा, कारण त्या बातम्यांत कधीच नसतात. पहिली: अनुमान होतं ते प्रथिनाचं. एकाच अमिनो आम्लासाठी डीएनएत तीन-तीन अक्षरांचे अनेक पर्याय असतात, आणि इतक्या मागे गेल्यावर मूळचा पर्याय कुठला होता हे सांगणं अवघड. तो बहुतेकदा आम्हीच निवडतो, आजच्या जिवाणूला सोयीचा. तेव्हा "पुरातन जनुक" म्हणताना आशय पुरातन आहे, शुद्धलेखन आजचं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. समजा प्रथिन 394 अमिनो आम्लांचं आहे. 370 जागांवर आमची खात्री 99 टक्के, उरलेल्या 24 जागांवर 80 टक्के. ऐकायला झकास वाटतं. पण हिशेब करा: पहिल्या गटात सरासरी 3.7 जागा चुकणार, दुसऱ्यात 4.8. म्हणजे आठ-नऊ अक्षरं चूक असणार हे धरूनच चालायचं. आणि सगळीच्या सगळी बरोबर असण्याची शक्यता? नऊ हजारांत एक. म्हणून शहाणा माणूस एकच पूर्वज बनवून थांबत नाही. शंकेच्या जागी दुसऱ्या क्रमांकाचं अक्षर घालून आणखी एक-दोन आवृत्त्या बनवतो. सगळ्या सारख्याच वागल्या तर निष्कर्षावर भरवसा.

यातच एक खोच आहे आणि मला ती फार आवडते. पोथ्यांच्या अभ्यासात एक नियम असतो: दोन पाठांपैकी जो कठीण, तो बहुधा जुना. कारण लेखनिक अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द अवघड करत नाही. आमचा संगणक नेमका उलटा वागतो. तो प्रत्येक जागी सर्वांत रुळलेलं अक्षर उचलतो. खऱ्या पूर्वजाच्या अंगावर चार ठिकाणी विचित्र, किंचित नुकसानकारक अक्षरं असणार. प्रत्येक प्रथिनात असतात. ती या पद्धतीत पुसली जातात आणि हाती येतो तो इस्त्री केलेला पूर्वज, खऱ्यापेक्षा जरा जास्तच टणक. 2006 साली संगणकावर बनावट वंशवृक्ष चालवून हे दाखवलं गेलंय. एरिक गॉशर यांच्या गटाने 2008 साली ईएफ-टीयू नावाच्या प्रथिनाचे वेगवेगळ्या काळातले पूर्वज बनवले. जितका पूर्वज जुना तितका तो जास्त तापमानाला टिकला, आणि त्यावरून 350 कोटी ते 50 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात जिवाणूंचा परिसर सुमारे 30 अंशांनी थंड होत गेला असं अनुमान निघालं. काम देखणं आहे. पण त्यातला किती भाग पृथ्वीच्या उष्णतेचा आणि किती आमच्या इस्त्रीचा, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

तुमच्या प्रश्नातलं जनुक याच ईएफ-टीयूचं, म्हणून त्याच्याकडे येतो. पेशीत प्रथिनं बनतात रायबोझोमवर, ई. कोलायमध्ये सेकंदाला 15 ते 20 अमिनो आम्लं या वेगाने. प्रत्येक अमिनो आम्ल टी-आरएनए नावाच्या एका वाहक रेणूच्या पाठीवर बसून येतं, आणि त्या टी-आरएनएला हाताला धरून रायबोझोमच्या दारापर्यंत नेतं ते ईएफ-टीयू. दारात संकेत जुळला की जीटीपी या ऊर्जा देणाऱ्या रसायनाचा एक रेणू फुटतो, ईएफ-टीयू हात सोडतं आणि पुढचं गिऱ्हाईक आणायला परततं. या कामाला माणसं भरपूर लागतात. ई. कोलायमधल्या सर्वाधिक प्रमाणात असणाऱ्या प्रथिनांपैकी हे एक. आणि त्याची जनुकंही दोन, टफ-ए आणि टफ-बी, दोघांचं प्रथिन जवळजवळ सारखं. याशिवाय पेशी जगूच शकत नाही.

बेतुल काचार या शास्त्रज्ञेने अटलांटातल्या जॉर्जिया टेक संस्थेत, गॉशर यांच्याच प्रयोगशाळेत, असं केलं: टफ-ए काढून टाकलं आणि टफ-बीच्या जागी, अगदी त्याच पत्त्यावर, अनुमानाने लिहिलेलं पुरातन टफ-बी बसवलं. पेशीकडे दुसरा आधार ठेवलाच नाही. चालव, नाहीतर मर. 2012 साली बातम्या आल्या तेव्हा वय 50 कोटी सांगितलं गेलं, 2017 च्या शोधनिबंधात ते सुमारे 70 कोटी आहे. ही गफलत नव्हे, तसा गोंधळून जाण्याचा मुद्दाही नव्हे. वंशवृक्षातल्या फाट्याचं वय रेण्वीय घड्याळावरून, म्हणजे क्रमात बदल साचण्याच्या वेगावरून, काढतात आणि जिवाणूंना ते घड्याळ लावायला जीवाश्मांचे खुंटे फार कमी. घड्याळ पुन्हा जुळवलं की आकडा सरकतो. मुलांना "काही दशकोटी" सांगितलंत तरी चालेल.

जिवाणू मेला नाही. पण त्याची क्षमता जवळपास निम्म्यावर आली.

"क्षमता" मोजतात कशी ते जवळून दाखवतो, कारण इथेच मुलांना विज्ञान हाताला लागतं. दोन वाण घ्यायचे. एकाला अ‍ॅरॅबिनोज नावाची साखर पचते, दुसऱ्याला नाही. एरवी दोघांत काही फरक नाही. विशिष्ट रंगद्रव्य घातलेल्या प्लेटवर साखर न पचणाऱ्याच्या वसाहती लाल उमटतात, पचणाऱ्याच्या पांढऱ्या. दोघांना एकाच फ्लास्कमध्ये निम्मे-निम्मे सोडायचं, समजा प्रत्येकी मिलिलिटरला अडीच लाख. चोवीस तासांनी प्लेटवर पसरून लाल-पांढरे मोजायचे. समजा लाल झाले 4 कोटी, पांढरे 1 कोटी. लाल 160 पट वाढले म्हणजे 7.3 वेळा दुप्पट झाले. पांढरे 40 पट, म्हणजे 5.3 वेळा. 5.3 भागिले 7.3, पांढऱ्यांची सापेक्ष क्षमता 0.73. एका दिवसात लोकसंख्या एकास चार झाली तरी आकडा 0.73 च. तेव्हा निम्मी क्षमता म्हणजे काय दुरवस्था असेल बघा. मोकळ्या स्पर्धेत असा जिवाणू काही दिवसांत नाहीसा होईल.

आता खरा प्रयोग सुरू होतो. हे लंगडे जिवाणू एकटेच, स्वतंत्र फ्लास्कमध्ये, पिढ्यान् पिढ्या वाढू द्यायचे आणि बघायचं ते सावरतात का, कसे सावरतात. पद्धत शास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी ई. कोलायवर 24 फेब्रुवारी 1988 ला सुरू केलेल्या दीर्घ प्रयोगातली. रोज सकाळी कालच्या फ्लास्कमधला 0.1 मिलिलिटर काढून 9.9 मिलिलिटर ताज्या पोषक माध्यमात टाकायचा. शंभरपट विरळ, तेव्हा पुन्हा भरायला 6.64 पिढ्या. काचार यांनी आपले जिवाणू 2,000 पिढ्या वाढवले. या वेगाने धरलं तर 301 दिवस होतात. कॅलेंडरमध्ये लाल तारीख नसलेले 301 दिवस.

मी पुरातन जनुकांवर काम केलेलं नाही, हे सांगून टाकतो. मी वीसेक वर्षं केलं ते एका जिवाणूची जनुकं दुसऱ्यात घालून असेच फ्लास्क पुढे ढकलण्याचं काम. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी फ्लास्क बदलायला गेलोय, गणपती विसर्जनाला लक्ष्मी रस्ता बंद असताना नदीपात्रातून चालत गेलोय. आई विचारायची, "अजून त्याच बाटल्या?" त्याच. एकदा चारशेव्या पिढीच्या आसपास पांढऱ्या वंशाच्या प्लेटवर बारा लाल ठिपके दिसले. कुणीतरी पिपेटचं टोक न बदलता शेजारचा फ्लास्क हाताळला होता. कुणीतरी म्हणजे मीच, हस्ताक्षर वहीत माझं होतं. म्हणून तर लाल आणि पांढरे वंश आलटून पालटून मांडायचे असतात. दोघं लालच शेजारी असते तर कळलंही नसतं, आणि त्यावर शोधनिबंधही निघाला असता. दर काही पिढ्यांनी ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशांत जपलेले नमुने असतात, त्यातला आधीचा काढला आणि तीन आठवडे मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. खरं पुरातन काही असेल आमच्याकडे, तर तो फ्रीझर. तिथला जिवाणू मात्र शब्दशः जिवंत करता येतो.

अशा एका फ्लास्कमध्ये दिवसाखेर 50 कोटींच्या आसपास पेशी असतात. ई. कोलायच्या जनुकसंचात 46 लाख अक्षरं. नकलेत चूक होण्याचं प्रमाण अत्यल्प, तरी एवढ्या गर्दीत रोज लाख-दोन लाख नव्या चुका घडतात. त्यातली एखादी कामाची निघाली तर तिचे वारस फ्लास्क व्यापतात.

काचार यांच्या फ्लास्कमध्ये कुठल्या चुका कामाच्या निघाल्या? तुम्हाआम्हाला वाटेल, पुरातन प्रथिनच एकेक अक्षर बदलत आजच्यासारखं होत गेलं असेल. 2012 च्या प्राथमिक निष्कर्षांत तसं दिसलं नव्हतं. जुनं जनुक होतं तसंच होतं, बदल आजूबाजूला झाले होते. 2017 च्या सविस्तर कामात कारणही पुढे आलं. क्षमता निम्म्यावर आली होती ती मुख्यतः पेशीतलं ईएफ-टीयूचं प्रमाण घटल्यामुळे. आणि वेगवेगळ्या वंशांनी काढलेली सर्वसाधारण तोड अशी, की हेच प्रथिन जास्त बनवायचं. निदान अंशतः त्यानेच ते सावरले. ज्या दुकानातले नोकर कमी पडतायत, तिथे मालकाने नोकरांना प्रशिक्षण देण्याऐवजी आणखी चार माणसं ठेवावीत, तसं.

मला विचाराल तर या प्रयोगाचं मोल इथे आहे, 70 कोटी या आकड्यात नाही. जनुक एकटं जगत नाही. ईएफ-टीयूला टी-आरएनए धरायचे असतात, रायबोझोमला टेकायचं असतं, फुटलेल्या जीटीपीचा उरलेला भाग, जीडीपी, सोडवून घ्यायला ईएफ-टीएस नावाच्या सोबत्याची मदत घ्यायची असते. हा सगळा गोतावळा कोट्यवधी वर्षं एकमेकांच्या तालाने बदलत आलाय. त्यात एकालाच जुन्या काळातून उचलून आणलं तर तो चुकतो म्हणजे त्याच्यात खोट आहे असं नाही. संगत बदललीय. आणि दुरुस्ती करताना नैसर्गिक निवड शुद्धतेकडे बघत नाही, आज, या फ्लास्कमध्ये, कुठली चूक लवकर सापडते आणि जास्त फायदा देते तेवढंच बघते. प्रथिनाच्या नेमक्या अक्षराला नेमका बदल होणं ही दुर्मीळ घटना. उत्पादन वाढवण्याचे मार्ग पुष्कळ.

याच विचाराचा पुढचा भाग 2020 साली आला, काचार यांच्यासोबत सर्गेई क्रियाझिम्स्की यांच्या गटाचा. तिथे पुरातन जनुक नव्हतं. ई. कोलायचं ईएफ-टीयू काढून जवळच्या आणि लांबच्या नात्यातल्या आजच्याच जिवाणूंचं घातलं, आणि 1,000 पिढ्या वाढवलं. जिथे बिघाड मोठा होता तिथे प्रथिनबांधणीच्या यंत्रणेतच दुरुस्त्या झाल्या. जिथे बिघाड किरकोळ होता तिथे त्या यंत्रणेला कुणी हातच लावला नाही, फायद्याचे बदल पेशीच्या इतर कामांत झाले. असं नव्हे की यंत्रणेत सुधारायला जागा नव्हती. बाहेरच्या बदलांचा फायदा मोठा असल्याने ते आधी फ्लास्क व्यापून टाकायचे आणि छोट्या दुरुस्तीची पाळीच यायची नाही. घरात गळणारं छप्पर आणि कुरकुरणारं दार दोन्ही असलं तर दार वर्षानुवर्षं कुरकुरतं, तसं. माझ्या स्वतःच्या फ्लास्कमध्येही हेच दिसलं होतं, फक्त मला त्याचा अर्थ लागला नव्हता. मी तीन वर्षं घातलेल्या जनुकातच बदल शोधत बसलो.

पुरातन प्रथिन नेहमी लंगडंच असतं असंही नाही. स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठात होसे सांचेझ-रुइझ यांच्या गटाने 2017 साली थायोरेडॉक्सिनचे पूर्वज ई. कोलायमध्ये बसवले. हे छोटं, 108 अमिनो आम्लांचं प्रथिन, पेशीतले गंधकाचे बंध सोडवणं हे त्याचं घरचं काम. पण टी-7 नावाचा विषाणू ई. कोलायमध्ये शिरला की यजमानाचं हेच थायोरेडॉक्सिन पळवतो आणि आपल्या डीएनए-नकलाकाराला चिमट्यासारखं जोडतो. त्याशिवाय नकलाकार थोडी अक्षरं लिहून घसरतो, त्याच्यासह शेकडो लिहितो. पुरातन थायोरेडॉक्सिन घातल्यावर पेशीचं घरचं काम निभावलं, पण विषाणूला तो चिमटा बसेना. विषाणूने आजच्या आकाराशी जुळवून घेतलंय, पूर्वजाच्या नाही. कुलूप बदललं, चोराकडे किल्ली जुनीच, असं म्हणणार होतो, पण इथे खरं तर उलट आहे. कुलूप जुनं लावलं, किल्ली नवी. पिकांना विषाणूंपासून वाचवायला हीच युक्ती वापरता येईल का, हा पुढचा धागा.

काचार आता विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात आहेत आणि त्यांच्या गटाने हवेतला नायट्रोजन धरणाऱ्या नायट्रोजनेझ या एंझाइमचे पूर्वज अ‍ॅझोटोबॅक्टरमध्ये बसवलेत. शेतकरी कुटुंबातली मुलं वर्गात असतील तर ॲझोटोबॅक्टर त्यांना बियाण्याला चोळायच्या पाकिटावरून ठाऊक असेल. हवेतला नायट्रोजन धरणं हे फार महाग काम आहे, एका रेणूला किमान 16 एटीपी, म्हणजे ऊर्जा देणारे रेणू, लागतात. पूर्वज घातलेले जिवाणू सावकाश वाढले, पण हवेतल्या नायट्रोजनवर जगले, आणि नायट्रोजन धरण्याची रासायनिक तऱ्हा आजच्यासारखीच निघाली.

"उत्क्रांती पुन्हा तशीच घडते का?" याचं उत्तर कोणत्या पातळीवर बघताय त्यावर ठरतं. काचार यांच्या वंशांनी उपाय एकाच जातीचा काढला, उत्पादन वाढवा. म्हणजे वाट थोडीफार ठरलेली. पण ती 70 कोटी वर्षांपूर्वी घेतलेली वाट नव्हे. ईएफ-टीयू तेव्हा बदललं ते वेगळ्या संगतीत, वेगळ्या परिसरात, कुणी सकाळी शंभरपट विरळ करत नसताना. लेन्स्कींच्या प्रयोगात बारा वंश एकाच जिवाणूपासून निघाले. सगळ्यांची वाढ सुधारली, पण हवेच्या सान्निध्यात सायट्रेट नावाचं रसायन खाण्याची किमया एकाच वंशाला साधली, तीही 31,000 हून अधिक पिढ्यांनंतर. फ्रीझरमधल्या जुन्या पिढ्या काढून पुन्हा चालवल्या तेव्हा काहींना ते पुन्हा जमलं, पण उशिराच्या पिढ्यांपासून सुरुवात केली तरच जास्त सहज. आधी काहीतरी तयारी होऊन बसलेली असावी लागते. मागे परतण्याचंही तेच. शास्त्रज्ञ जो थॉर्नटन यांच्या गटाने 2009 साली पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधल्या एका संप्रेरक-ग्राहकाचे, म्हणजे संप्रेरक ओळखून धरणाऱ्या प्रथिनाचे, बदल उलटे करून जुनं काम परत आणायचा प्रयत्न केला. जमेना. मधल्या काळात झालेल्या पाच बदलांनी परतीचं दार लावून टाकलं होतं. आधी ते पाच काढले तेव्हाच जुने बदल उलटवता आले.

धोक्याबद्दल थोडक्यात. प्रयोगशाळेतला ई. कोलाय हा रोग करणारा वाण नसतो, हजारो पिढ्या काचेत वाढलेला लाडावलेला जीव असतो. त्यात मंदावलेलं जनुक घातलं तर तो बाहेर पडून कुणाला हरवणार नाही. वर दिलेला 0.73 चा हिशेब आठवा, हा तर 0.5 च्या घरात. सगळ्याच पुरातन प्रथिनांना मात्र ही हमी देता येत नाही. प्रतिजैविक फोडणाऱ्या एंझाइमांचे पूर्वज फार टणक आणि अनेक औषधं हाताळणारे निघालेत, तिथे जपूनच काम करायला हवं. आपल्याकडे असं काहीही करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे जावं लागतं, 1989 च्या नियमांनुसार. फॉर्म कंटाळवाणा आहे, पण योग्य प्रश्न विचारतो.

वर्गात करायचं तर प्रयोगशाळा नको. चाळीस अक्षरांची एक विनाअर्थ ओळ कागदावर लिहा. दोन मुलांना दहा सेकंद दाखवून आठवणीतून लिहायला सांगा. त्यांचे कागद प्रत्येकी दोघांना, त्यांचे पुढे प्रत्येकी दोघांना, दर वेळी दहाच सेकंद. शेवटच्या पिढीचे आठ कागद फळ्यावर लावा, मधले सगळे गोळा करून कपाटात ठेवा. कुणाचं कुणावरून उतरलं हे न सांगता, निव्वळ चुकांवरून वंशवृक्ष लावायला सांगा आणि मग पहिली ओळ लिहायला. मुलं भांडतील, भांडू द्या. प्रत्येक अक्षरापुढे खात्री किती टक्के ते लिहायला लावा. तास संपेपर्यंत कुणीतरी मूळ कागद बघायचा म्हणून मागे लागेलच. तो दाखवू नका.